शिरोडकरांचा टाका आणि जुळ्यांचे दिवस

मराठीत गरोदरपणाची बहुतेक शब्दयोजना दिवसांच्या हिशेबावर उभी आहे. स्त्रीला ‘दिवस जातात’, मग ते ‘भरत येतात’, आणि मूल वेळेआधी आले तर ते ‘अपुऱ्या दिवसांचे’ ठरते. हा हिशेब ज्यांच्या बाबतीत हमखास चुकतो ती म्हणजे जुळी. एकट्या गर्भाचे दिवस साधारणपणे चाळीस आठवड्यांनी भरतात; जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक सदतिसाव्या आठवड्याआधीच जन्मतात आणि सुमारे दहातले एक मूल बत्तिसाव्या आठवड्याआधी. बत्तिसाव्या आठवड्याआधीच्या, त्यातही अठ्ठाविसाव्या आठवड्याआधीच्या जन्माचा अर्थ काय होतो, हे ज्यांनी नवजात अर्भकांच्या कक्षाबाहेरच्या बाकावर रात्री काढल्या आहेत त्यांना सांगायला नको. फुप्फुसे तयार नसतात, मेंदूतल्या रक्तवाहिन्या नाजूक असतात, आणि आईला आपले मूल ‘काचेच्या पेटीत’ पाहावे लागते. एक नव्हे, दोन पेट्यांत.

हा जन्म लांबवावा कसा, या प्रश्नाचा इतिहास आम्ही येथे मांडणार आहोत. साहित्याच्या अभ्यासकांसमोर हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की हा इतिहास औषधांचा जेवढा आहे तेवढाच उपमांचाही आहे. एखादी उपमा मनाला पटते, तिच्यातून उपाय निघतो, उपायातून रूढी तयार होते. आणि पुढे केव्हातरी कोणी मोजमाप केले म्हणजे कळते की उपमा सुंदर होती, पण ती या ठिकाणी लागू नव्हती. उपमा कोठवर चालते आणि कोठे मोडते, हे पाहणे तर आपले रोजचेच काम आहे.

१

प्राचीनांपासून आरंभ करू. सातव्या महिन्याचे मूल जगते, पण आठव्याचे जगत नाही, ही समजूत आपल्या आजीपणज्यांच्या तोंडी होती. ती केवळ आपलीच नाही. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथसमूहात आठ महिन्यांच्या मुलावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे, आणि त्याचा निष्कर्षही हाच. आपल्याकडे चरकसंहितेच्या शारीरस्थानात याचे कारण दिले आहे: आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते, ते आईकडून गर्भाकडे आणि गर्भाकडून आईकडे जात-येत राहते; म्हणून त्या महिन्यातला जन्म धोक्याचा. जुळी का होतात याचेही स्पष्टीकरण तेथे आहे. वायू बीजाचे विभाजन करतो आणि एकाचे दोन होतात.

या स्पष्टीकरणांना आज हसणे सोपे आहे, पण त्यांची रचना पाहण्यासारखी आहे. आठव्या महिन्यातल्या जन्माचे भय खरे होते; ओजाची ये-जा ही त्या भयाला दिलेली संगती होती. वस्तुतः आठव्या महिन्यात जन्मलेल्या मुलाची जगण्याची शक्यता सातव्यातल्यापेक्षा नेहमीच अधिक असते. दोन-अडीच हजार वर्षे दोन दूरच्या संस्कृतींत ही उलटी समजूत टिकली, याचे कारण तिला कोणी मोजून पाहिले नाही एवढेच. सातव्या महिन्याचे जगलेले मूल लोकांच्या लक्षात राहते, त्याची गोष्ट होते. न जगलेल्यांची गोष्ट होत नाही. हा दोष केवळ प्राचीनांचा नव्हता, हे पुढे दिसेलच.

२

आता १९५५ सालाकडे येऊ. गोव्यातील शिरोडे गावी १८९९ मध्ये जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर त्या वेळी मुंबईतील ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या परंपरेतले एक अग्रगण्य स्त्रीरोगतज्ज्ञ होते. त्यांच्यासमोर अशा स्त्रिया येत ज्यांचे गर्भ पुन्हा पुन्हा, चौथ्या ते सातव्या महिन्यांच्या दरम्यान, फारशा कळा न येताच गळून पडत. आयुर्वेदाने चौथ्या महिन्यापर्यंतचा तो गर्भस्राव आणि पाचव्या-सहाव्यातला तो गर्भपात असा भेद केलेला होता. शिरोडकरांचे लक्ष या दुसऱ्या प्रकारावर होते. विश्रांती आणि संप्रेरके देऊनही या स्त्रियांचे गर्भ टिकत नसत. शिरोडकरांनी तपासून पाहिले तेव्हा त्यांना गर्भाशयाचे मुख हळूहळू उघडत असल्याचे दिसले. त्यांनी उपाय केला तो शिंप्याचा. रुग्णेच्याच मांडीतल्या स्नायूवरील चिवट आवरणाची एक पट्टी काढायची, मूत्राशय वर सरकवून गर्भाशयमुखाच्या आतल्या दाराशी ती पट्टी सभोवार ओवायची आणि आवळायची. मद्रासहून निघणाऱ्या ‘अँटिसेप्टिक’ या नियतकालिकात १९५५ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. दोनच वर्षांनी, १९५७ मध्ये, मेलबर्नच्या इयन मॅकडोनल्ड यांनी तिचे सोपे रूप मांडले: मांडी कापायला नको, मूत्राशय हलवायला नको, नुसती तोंडाभोवतीची गोल शिवण.

या शस्त्रक्रियेला जगभर शिरोडकरांचे नाव मिळाले आणि आजही ते आहे. भारतीय डॉक्टरच्या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया मोजक्याच; त्यात ही एक. १९७१ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

येथे भाषेचा एक योगायोग नोंदवला पाहिजे. मराठी बायका गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणतात. ‘पिशवीचे तोंड उघडले’, ‘पिशवीला टाका घातला’ ही वाक्ये आपण घराघरांत ऐकतो. इंग्रजी शल्यशास्त्रातही या गोल शिवणीला ‘पर्स-स्ट्रिंग’, म्हणजे बटव्याची नाडी, असेच म्हणतात. म्हणजे उपमा आधीपासून भाषेत तयार होती. शिरोडकरांनी ती हाताने खरी केली. पिशवीचे तोंड सैल असेल तर नाडी ओढावी, यापेक्षा पटणारे वाक्य वैद्यकात विरळाच असेल.

आणि एका गर्भाच्या बाबतीत, निवडक स्त्रियांत, ते खरेही ठरले. परंतु किती खरे, हे कळायला जवळजवळ चार दशके लागली. ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या, १९९३ मध्ये अंतिम अहवाल आलेल्या प्रयोगात १२९२ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले होते. एका गटाला टाका, दुसऱ्याला नाही. निष्कर्ष असा की टाका घातलेल्या पंचवीस स्त्रियांमागे साधारण एकीचा, तेहेतिसाव्या आठवड्याआधीचा जन्म टळला. म्हणजे टाका खोटा नव्हता. मात्र ज्या चोवीस जणींना त्यापासून लाभ झाला नाही त्यांनाही, मूल झाल्यावर, टाक्यामुळेच ते झाले असे वाटणे स्वाभाविक होते. ‘मागच्या वेळी टाका नव्हता, मूल गेले, या वेळी टाका होता, मूल राहिले’ हे कथानक इतके पूर्ण आहे की त्यावर शंका घेणे कृतघ्नपणाचे वाटावे.

३

पटणारे कथानक किती महाग पडू शकते, याचे उदाहरण याच काळातले आहे. बॉस्टनमधील स्मिथ दांपत्याने १९४० च्या दशकात डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम संप्रेरक गर्भ टिकवण्यासाठी सुचवले. ज्या गर्भिणींना त्रास होतो त्यांच्यात संप्रेरके कमी पडतात, ती भरून काढावीत, असा तर्क होता. १९५३ मध्ये शिकागोच्या डीकमन यांनी चिकित्सक तुलना करून दाखवले की या गोळीचा उपयोग होत नाही. तरीही ती पुढे अठरा वर्षे दिली जात राहिली. १९७१ मध्ये जेव्हा या गोळ्या घेतलेल्या मातांच्या मुलींमध्ये तरुण वयात योनिमार्गाचा एक दुर्मिळ कर्करोग आढळला, तेव्हा कोठे ती थांबली. पुरावा १९५३ मध्येच छापलेला होता. डॉक्टरांनी तो वाचला नव्हता असे नाही. त्यांच्या हातातली गोष्ट त्या पुराव्याहून अधिक गोड होती.

हा धडा लक्षात ठेवून आता जुळ्यांकडे वळू. पिशवीत एका ऐवजी दोन जीव, म्हणजे ओझे दुप्पट. ओझे दुप्पट तर तोंडावर ताण अधिक. ताण अधिक तर नाडी आधीच ओढून ठेवावी. या तर्कात कोणतीही पायरी निसटलेली दिसत नाही. म्हणून जुळी आहेत असे कळताच, आधीचा काही इतिहास नसतानाही, टाका घालण्याची प्रथा अनेक ठिकाणी पडली.

१९८२ मध्ये इस्राएलमधील डॉर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही प्रथा तपासली. बीजनिर्मितीसाठी औषधे घेऊन जुळी राहिलेल्या पन्नास स्त्रिया त्यांनी घेतल्या. निम्म्यांना टाका घातला. लाभ दिसला नाही. पुढे सोनोग्राफीने गर्भाशयमुखाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजता येऊ लागली. १९९६ मध्ये अमेरिकेतील अभ्यासाने दाखवले की जुळ्यांच्या गर्भारपणात चोविसाव्या आठवड्याला ही लांबी पंचवीस मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर लवकर प्रसूतीची शक्यता ठळकपणे वाढते. तेव्हा प्रश्न नव्या रूपात आला: सरसकट टाका नको, पण आखूड मुखाच्या जुळ्या गर्भिणींना तरी? २००५ मध्ये व्हिन्सेंझो बर्गेला आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या प्रयोगांतील एकेका स्त्रीची नोंद एकत्र करून उत्तर शोधले. एकट्या गर्भाच्या बाबतीत, विशेषतः आधी लवकर प्रसूती झालेल्यांना, टाक्याचा लाभ दिसला. जुळ्यांच्या बाबतीत मात्र टाका घातलेल्यांत पस्तिसाव्या आठवड्याआधी प्रसूती होण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक निघाले.

येथे घाई करता कामा नये. त्या जुळ्या गर्भिणी एकूण ४९ होत्या. २०१५ मध्ये त्याच नोंदी पुन्हा तपासून, दोन्ही गटांतील मुळातले फरक हिशेबात घेतले तेव्हा लवकर प्रसूतीतला तो फरक निश्चित राहिला नाही. पण फार कमी वजनाची आणि श्वासाचा त्रास असलेली बाळे टाक्याच्या गटातच अधिक होती. लाभ तर कोणत्याच वाचनात नव्हता. उपमेची मर्यादा येथे दिसते. एकट्या गर्भाच्या काही स्त्रियांत खरोखरच दार सैल असते. जुळ्यांत दार बहुधा ठीक असते. भिंतच ताणली जाते, आणि ताणलेली भिंत स्वतः आकुंचन पावण्याचे इशारे देऊ लागते. अशा वेळी दाराला कडी घालून घर थांबत नाही. आणि टाका ही स्वतः एक जखमच असल्याने तिने इशाऱ्यांत भर घालणेही शक्य आहे.

४

टाक्याहून जुना आणि अधिक निरुपद्रवी वाटणारा उपाय म्हणजे विश्रांती. उभे राहिल्याने भार खाली येतो, तेव्हा आडवे राहावे. एकविसाव्या शतकातही ‘बेडरेस्ट’ हा शब्द आपल्याकडे भाषांतराविना राहिला, इतका तो घरचा झाला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक देशांत जुळ्या गर्भिणींना शेवटचे कित्येक आठवडे रुग्णालयातच झोपवून ठेवीत. काही चुकले तर विश्रांती पुरेशी घेतली नाही असे म्हणता येई, आणि काही चुकले नाही तर विश्रांतीमुळेच असे म्हणता येई. कधीच हरत नाही असा हा उपाय होता.

त्याची परीक्षा झाली ती हरारेमध्ये. १९८० मध्ये स्वतंत्र झालेल्या झिम्बाब्वेच्या राजधानीतल्या या प्रयोगाचा अहवाल १९८५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. जुळी असलेल्या २१२ स्त्रिया. निम्म्या बत्तिसाव्या आठवड्यापासून रुग्णालयात, निम्म्या घरी नेहमीच्या कामाधामात. रुग्णालयात झोपवून ठेवलेल्यांतच लवकर प्रसूती अधिक झाल्या. फिनलंड, ऑस्ट्रेलिया आणि पुन्हा हरारे येथे झालेल्या इतर प्रयोगांसह सर्व निकाल कॅरोलाइन क्राउथर यांनी एकत्र पाहिले, तेव्हाही इतर गुंतागुंत नसलेल्या जुळ्यांत सक्तीच्या विश्रांतीचा लाभ आढळला नाही. चौतिसाव्या आठवड्याआधीच्या प्रसूती तर वाढलेल्याच दिसल्या. हरारेच्या त्या पहिल्या निबंधाच्या लेखकांत इयन चाल्मर्स हे एक नाव आहे. पुढे १९९३ मध्ये सुरू झालेल्या कॉक्रेन संघटनेचे ते प्रणेते. कोणताही उपाय केवळ पटतो म्हणून स्वीकारू नये, सर्व प्रयोग एकत्र ठेवून पाहावा, हा त्या संघटनेचा आग्रह.

या प्रयोगाचा अर्थ आम्हाला केवळ वैद्यकीय वाटत नाही. महिनोन्‌महिने छताकडे पाहत पडलेली स्त्री, घरात मोठे मूल, नोकरीवरची बिनपगारी रजा, आणि हे सर्व करूनही दिवस अपुरे पडले तर मनात घर करणारा प्रश्न: त्या दिवशी आपण स्वयंपाकघरात उभ्या राहिलो म्हणून का? आपल्या घरांत हा प्रश्न तिच्या मनातच राहत नाही. तो सासरी-माहेरी उघडपणे विचारला जातो. ‘जिना चढलीस ना’, ‘पाण्याची कळशी उचललीस ना’. हरारेच्या त्या २१२ स्त्रियांनी या प्रश्नाचे जे उत्तर दिले ते अनेकींपर्यंत पोहोचलेच नाही. ते उत्तर असे होते: नाही, तुझ्या उभे राहण्याने हे घडले नाही.

वैद्यकाची परिभाषाही या बाबतीत निर्दोष नाही. सैल मुखाला इंग्रजीत दीर्घकाळ ‘इनकॉम्पिटंट’ म्हटले गेले. मराठी पाठ्यपुस्तकी भाषेत त्याचे ‘अक्षम गर्भाशयमुख’ झाले. अवयवाला लावलेले विशेषण बाईला लागायला वेळ लागत नाही. अलीकडे ‘अपुरेपणा’ या अर्थाचा सौम्य शब्द रूढ होत आहे, ही गोष्ट लहान असली तरी चांगली आहे.

५

शस्त्र झाले, विश्रांती झाली, आता औषध. गर्भ शांत ठेवणारे संप्रेरक म्हणून प्रोजेस्टेरॉनचे नाव पूर्वीपासून घेतले जाई. २००३ मध्ये अमेरिकेत, आधी लवकर प्रसूती झालेल्या आणि या वेळी एकच गर्भ असलेल्या स्त्रियांत, त्याच्या एका प्रकाराच्या इंजेक्शनांचा लाभ दिसला आणि आशा वाढल्या. २००७ मध्ये तेच इंजेक्शन ६६१ जुळ्या गर्भिणींत तपासले गेले, लाभ नाही. २००९ मध्ये ब्रिटनमधील जेन नॉर्मन यांच्या गटाने ५०० जुळ्या गर्भिणींत योनिमार्गे द्यायचे जेल तपासले, लाभ नाही. कदाचित उशिरा सुरू केले, मात्रा कमी पडली, असे म्हणायला वाव होता. म्हणून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील प्रयोगात अकराव्या आठवड्यांपासूनच, रोज ६०० मिलिग्रॅम, आणि तेही ११९४ स्त्रियांत देऊन पाहिले. चौतिसाव्या आठवड्याआधीच्या आपोआप झालेल्या प्रसूती औषधाच्या गटात १०.४ टक्के, बिनऔषधी गोळीच्या गटात ८.२ टक्के. मूळ इंजेक्शनाची कथाही पुढे पालटली: एकट्या गर्भाच्या मोठ्या प्रयोगात ते टिकले नाही आणि एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याची मान्यता काढून घेतली.

मुख आखूड असलेल्या जुळ्या गर्भिणींपुरता मात्र वाद संपलेला नाही. २०१७ मध्ये रॉबेर्तो रोमेरो यांच्या गटाने अशा ३०३ स्त्रियांच्या नोंदी एकत्र करून योनिमार्गे दिलेल्या प्रोजेस्टेरॉनने तेहेतिसाव्या आठवड्याआधीच्या प्रसूती घटल्याचे मांडले. या संकलनाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत.

तिसरा उपाय सिलिकोनच्या कड्याचा, म्हणजे पेसरीचा. जखम नाही, औषध नाही, खर्च थोडा. गरीब देशांसाठी हा उपाय आदर्श ठरला असता. २०१३ मध्ये नेदरलँड्समध्ये ८१३ जुळ्या व बहुगर्भिणींत एकूण लाभ दिसला नाही; पण आखूड मुखाच्या उपगटात दिसला. २०१६ मध्ये स्पेनमध्ये अशाच निवडक १३७ स्त्रियांत मोठा लाभ दिसला: चौतिसाव्या आठवड्याआधी १६ टक्के विरुद्ध ३९ टक्के. त्याच वर्षी ११८० जुळ्या गर्भिणींच्या आंतरराष्ट्रीय प्रयोगात काही नाही. आणि २०२१ मध्ये, नॉर्मन यांच्याच गटाने, नेमक्या आखूड मुखाच्या ५०३ स्त्रिया घेतल्या, १८.४ टक्के विरुद्ध २०.६ टक्के, म्हणजे फरक नसल्यातच जमा. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने २०१९ मध्येच सांगून टाकले होते की जुळ्यांत लवकर प्रसूती टाळण्यासाठी विश्रांती, टाका, पेसरी किंवा कळा थांबवणाऱ्या गोळ्या यांपैकी काहीही सरसकट देऊ नये.

६

वाचकाला येथे निराशा वाटेल. आम्हालाही ही यादी लिहिताना वाटली. परंतु या इतिहासाचा दुसरा भाग असा की जेथे कारण नेमके कळले तेथे दिवस खरोखर वाढले.

एकाच वारेवर वाढणाऱ्या काही जुळ्यांत रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि एका गर्भाचे रक्त दुसऱ्याकडे वाहू लागते. एक सुकतो, दुसऱ्याभोवती पाणी फुगते, आणि फार लवकर प्रसूती होते. पूर्वी ते पाणी वरचेवर काढीत. म्हणजे पुन्हा भार कमी करण्याचाच विचार. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय प्रयोगात लेसरने त्या वाहिन्याच बंद केल्या. प्रसूतीचा मध्यम काळ २९ आठवड्यांवरून ३३ आठवड्यांवर गेला, आणि निदान एक तरी बाळ जगण्याचे प्रमाण ५६ टक्क्यांवरून ७६ टक्क्यांवर.

दुसरे उदाहरण टाक्याचेच. २०२० मध्ये अमांडा रोमन आणि सहकाऱ्यांनी अशा जुळ्या गर्भिणी घेतल्या ज्यांचे मुख चोविसाव्या आठवड्याआधीच प्रत्यक्ष उघडले होते. टाका घातलेल्या सतरा, न घातलेल्या तेरा. टाक्यासोबत प्रतिजैविके आणि कळा शमवणारे औषधही दिले होते. टाक्याच्या गटातील ३४ बाळांपैकी ६ दगावली. दुसऱ्या गटातील २६ पैकी २०. फरक एवढा मोठा होता की देखरेख समितीने प्रयोग मध्येच थांबवायला लावला. संख्या लहान आहे, हे खरे. पण ज्या टाक्याने सरसकट जुळ्यांत काही दिले नाही, तोच टाका दार खरोखर उघडलेले असताना उपयोगी पडतो, हे यातून दिसते. शिरोडकरांनी १९५५ मध्ये डोळ्यांनी पाहिले होते ते उघडणारे दारच. मॅकडोनल्ड यांच्या १९५७ च्या निबंधाचा विषयही आता टळणार नाही असे वाटणारा गर्भपात हाच होता. उपमा चुकली नव्हती. ती जेथे जन्मली त्या जागेपासून आम्ही तिला फार दूर नेले होते.

तिसरे उदाहरण सर्वांत साधे. १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये पहिले परीक्षानळी बाळ जन्मले. १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून तो प्रयोग यशस्वी झाला. त्यानंतरच्या वर्षांत एका वेळी दोन-तीन भ्रूण सोडण्याची रीत जगभर पडली आणि जुळ्यातिळ्यांची संख्या वाढली. स्वीडनने २००३ पासून सामान्यतः एकच भ्रूण सोडावा असा नियम केला. तेथे या उपचारातून होणाऱ्या बहुगर्भ प्रसूती पूर्वीच्या सुमारे चतुर्थांशावरून पाच टक्क्यांच्या आसपास आल्या. फार लवकर जन्मणारी जुळी टाळण्याचा आजवरचा सर्वांत परिणामकारक उपाय हा निघाला: ती माणसाने स्वतः न घडवणे. यात नाडी नाही, गोळी नाही, त्यामुळे नायकही नाही. कदाचित म्हणूनच त्याची गोष्ट सांगितली जात नाही.

आणि जेथे जन्म थांबवता येत नाही तेथे त्याची तयारी करता येते. न्यूझीलंडचे लिगिन्स आणि हावी यांनी १९७२ मध्ये दाखवले की प्रसूतीआधी आईला स्टेरॉइडची इंजेक्शने दिली तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. ही स्वस्त इंजेक्शने रोजच्या वापरात यायला वीस वर्षांहून अधिक काळ लागला. कॉक्रेन संघटनेच्या बोधचिन्हात याच प्रयोगांचा आलेख आहे; उशिराची आठवण म्हणून तो तेथे आहे. निरुपयोगी गोळी अठरा वर्षे चालू राहिली आणि उपयोगी इंजेक्शन वीस वर्षे थांबून राहिले.

या सर्वांतून शिरोडकरांचे मोठेपण कमी होते असे आम्ही मानत नाही. ज्या स्त्रियांच्या दुःखावर इतरांकडे ‘पडून राहा’ यापलीकडे शब्द नव्हता, त्यांच्याकडे त्यांनी हात लावून, डोळे उघडे ठेवून पाहिले. चूक झाली ती त्यांच्या पाहण्याचे सूत्र करून, न पाहता ते सर्वत्र लावणाऱ्यांची. साहित्यसमीक्षेत आपण हेच करतो का, एका कवितेत सापडलेली किल्ली सगळ्या कवितांना लावून पाहतो का, हा प्रश्न आपण आपल्याला विचारावा.

पण त्याआधी दुसरे एक काम आहे, आणि ते वर्गाबाहेरचे आहे. ओळखीच्या, नात्यातल्या कोणाची जुळी अपुऱ्या दिवसांची झाली तर तिला कोणी विचारील की विश्रांती घेतली नव्हतीस का. त्या वेळी हरारेचे नाव आपल्याला आठवावे, आणि तिच्या वतीने आपण उत्तर द्यावे.